दोन टनांचे म्हणून चढवलेले आठ रोटाव्हेटर: ओव्हरलोडच्या एका तपासणीचं प्रकरण

मालवाहतूकदारांची चलानं, परमिटं आणि नोटिसा यांची कामं मी रोज हाताळतो. त्यातलं हे एक प्रकरण मालक आणि चालक या दोघांच्या परवानगीने लिहीत आहे. माणसांची नावं, गाडीचा नंबर, तपासणीची नेमकी जागा आणि दोन्ही व्यापाऱ्यांची ओळख गाळली आहे. वजनाचे आकडे वजनकाट्याच्या पावत्यांवरचेच आहेत.

पार्श्वभूमी

गाडी दहा टायरची. मालक तिशीतला. त्याच्या दोन गाड्या आहेत आणि दोन्हींवर कर्ज आहे. चालक पन्नाशी ओलांडलेला, याच मालकाच्या वडिलांकडेही त्याने काम केलेलं. मालक त्याला काका म्हणतो, तो मालकाला शेठ म्हणतो. हे नातं सांगायचं कारण एवढंच की पुढे रस्त्यावर जे निर्णय झाले, ते फोनवरच्या त्यांच्या बोलण्यातून झाले.

आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, भरलेल्या गाडीचं कमाल वजन २८,००० किलो आणि रिकाम्या गाडीचं ९,७०० किलो. आपल्याकडच्या बोलीत गाडीची पासिंग, म्हणजे माल भरायची मर्यादा, १८,३०० किलोची. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमधून सोलापूरसाठी सळईची भरती मिळाली. वाकवलेली बंडलं, निव्वळ वजन १६,२०० किलो. मिलच्या काट्यावर भरलेली गाडी २६,०६० किलो भरली. पावती, बिल, ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद), बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल-पावती) सगळं हातात. ताडपत्री बांधून गाडी निघण्याच्या तयारीत होती. इथपर्यंत या भरतीत काहीच खोट नव्हती.

यातला एक आकडा नीट पाहायला हवा. २६,०६० मधून १६,२०० वजा केले तर ९,८६० उरतात, ९,७०० नाही. आरसीवरचं रिकामं वजन आणि रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचं रिकामं वजन कधीच एक नसतं. टाकीतलं डिझेल, चालक, क्लीनर, दोर, ताडपत्री, जॅक, लाकडी ओंडके, सगळं त्यात मिळवावं लागतं. या गाडीत तो फरक १६० किलोचा होता. म्हणजे पासिंगमधून माल वजा करून जो हिशेब निघतो, त्याप्रमाणे गाडीत २,१०० किलोची जागा होती. काट्याप्रमाणे ती १,९४० किलोच होती.

जोडमालाचा फोन

संध्याकाळी पाचच्या सुमाराला ट्रान्सपोर्टच्या बुकिंगवाल्याचा मालकाला फोन आला. वाटेवरच एका गोदामात आठ रोटाव्हेटर (ट्रॅक्टरला जोडायची मशागतीची यंत्रं) पडले आहेत, तुळजापूरच्या पुढच्या एका डीलरकडे टाकायचे आहेत, गाडी तिकडूनच जाणार आहे. एक नग अडीचशेच्या आत, आठांचे मिळून दोन टनही होत नाहीत. भाडं चार हजार.

मालकाने पासिंगचा हिशेब केला. २,१०० किलोची जागा, १,९०० च्या आसपास माल. बसतो. त्याने होकार दिला आणि चालकाला गोदामाचा पत्ता कळवला.

चालकाने दोन गोष्टी विचारल्या. पहिली: "शेठ, वजन किती सांगितलंय ते लिहून पाठवायला सांगा." मालकाने बुकिंगवाल्याकडून मेसेज मागवला. "८ नग रोटाव्हेटर, १९२० किलो." तो मेसेज चालकाच्या फोनवर पुढे गेला. दुसरी गोष्ट त्याने गोदामात माल चढल्यावर विचारली: "काटा करून घेऊ का? मागे चारेक किलोमीटरवर आहे." तोवर साडेसात वाजले होते. सकाळी सळई उतरवायला सोलापूरला क्रेन सांगून ठेवलेली. मालक म्हणाला, "काका, उलटं जाऊन पुन्हा यायचं म्हणजे तास जाईल. निघा तुम्ही."

या प्रकरणाचा निकाल या एका वाक्यात लागला, असं माझं ठाम मत आहे. पुढे रस्त्यावर जे झालं ते नुकसान आवरण्यापुरतं होतं.

तपासणी

रात्री दहाच्या पुढे राष्ट्रीय महामार्ग ५२ वर एका टोलनाक्यानंतर परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने गाडी थांबवली. चालकाने गाडी कडेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेर घेतली, इंजिन बंद केलं, इंडिकेटर चालू ठेवले आणि कागद घेऊन खाली उतरला. खरं तर कागद म्हणजे फोनच. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, लायसन सगळं एमपरिवहन आणि डिजिलॉकरमध्ये होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ प्रमाणे अशी कागदपत्रं चालतात. १ ऑक्टोबर २०२० पासून तर त्यात हेही आलं की इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पडताळलेला कागद असेल तर त्याची छापील प्रत मागायची नाही, आणि तपासणीची वेळ व अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची. मोटार वाहन निरीक्षकाने फोन पाहिला, काही हरकत घेतली नाही. मागच्या फाळक्यावरची परावर्तक पट्टी चिखलाने झाकली होती, ती पुसायला सांगितली. क्लीनरने तिथल्या तिथे पुसली.

मग निरीक्षकाने मागच्या टायरांवर बॅटरी मारली. दहा टायर गाडीत माल जादा झाला की मागचे टायर बसलेले दिसतात. अनुभवी नजरेला ते लगेच कळतं. ताडपत्रीखाली सळईवर लोखंडी यंत्रांचा ढीग आहे हेही दिसत होतं. "सळईची पावती आहे, वरच्या मालाची काटा पावती कुठंय?" चालकाने खरं सांगितलं. वरच्या मालाचा काटा झालेला नाही, वजन मेसेजवर आलंय. त्याने मेसेज दाखवला. निरीक्षक म्हणाला, "मेसेजवर गाडी सोडता येत नाही. काटा करू."

समोर आलेले पर्याय

इथून पुढच्या अर्ध्या तासात चार वाटा समोर आल्या. त्यांतल्या दोन फार धोक्याच्या होत्या.

पहिली वाट क्लीनरने सुचवली. पथकातली माणसं दुसऱ्या गाडीकडे वळली होती. त्या वेळात कडेच्या शेतात तीन-चार रोटाव्हेटर ढकलून द्यावेत, काटा झाला की परत येऊन उचलावेत. पोरगा नवा आहे, त्याला ही चलाखी वाटली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये याचाच बंदोबस्त आहे. वजन करायला नकार देणं, किंवा वजनाआधी माल उतरवणं वा उतरवायला लावणं, याला दंड ४०,००० रुपये. ओव्हरलोडच्या मूळ दंडाच्या दुप्पट. चालकाला कलम पाठ नव्हतं, पण असं करून फसलेला एक चालक त्याच्या ओळखीचा होता. त्याने पोराला केबिनमध्ये बसवलं.

दुसरी वाट एका पंटरने दाखवली. पथकाशी त्याचा काही संबंध असल्याचं दिसलं नाही. अशी माणसं थांबलेल्या गाड्यांभोवती आपोआप जमतात. "पाच हजारात मिटवतो, काट्यावर जायची गरज नाही." चालकाने मालकाला फोन लावला. मालकाचं मन तिकडे झुकलं होतं, हे त्याने मला स्वतःच सांगितलं. पाच हजार विरुद्ध वीस हजारांच्या वर, हिशेब सरळ दिसतो. त्याने त्याच वेळी मला फोन केला म्हणून हे प्रकरण मला पहिल्यापासून माहीत आहे.

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पैसे दिले तरी माल गाडीतच राहणार. पुढे कुठेही पुन्हा गाडी थांबली तर सगळं पहिल्यापासून. दुसरं, २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे. कुणी जबरदस्तीने घेतली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच त्यातून सुटका. अशा तक्रारीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे मांजरसुंब्याचा आणि येडशीचा घाट होता. सळईवर नुसत्या दोरांनी बांधलेलं लोखंड, किती टन आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि रात्रीची उतरण. दंडाचा विचार करताना घाटाचा विचार मागे पडतो. पण गाडी चालवणारा माणूस काका आहे, मी किंवा मालक नाही.

तिसरी वाट म्हणजे काट्यावर जायचं, पण वजनावर वाद घालायचा. चौथी म्हणजे काटा होऊ द्यायचा, जे निघेल ते मान्य करायचं आणि जादा माल कायद्याप्रमाणे उतरवून घ्यायचा. शेवटी झालं ते तिसरी आणि चौथी यांच्या मधलं काहीतरी, आणि ते योग्य झालं.

काट्यावर

कलम ११४ प्रमाणे अधिकारी गाडीला पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आतल्या काट्यावर, किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आतल्या काट्यावर नेऊ शकतो. इथे काटा सहा किलोमीटरवर पुढेच होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. मागे फिरायला सांगितलं असतं तर चालकाने नम्रपणे हे कलम सांगायला हवं होतं. ते त्याला माहीत नव्हतं.

काट्यावर मात्र त्याने एक काम केलं ज्याचं मला आजही कौतुक वाटतं. गाडी प्लॅटफॉर्मवर चढवण्याआधी तो खिडकीपाशी गेला आणि ऑपरेटरला म्हणाला, "दादा, आधी झीरो दाखवा." डिस्प्लेवर ४० किलो होते. पाऊस नुकताच उघडला होता, आधीच्या गाडीच्या टायरांचा चिखल प्लॅटफॉर्मवर पडलेला. ऑपरेटर म्हणाला, "चाळीस किलोनं काय होतंय?" चालक तिथेच उभा राहिला. निरीक्षकानेही सांगितलं की झीरो करा. फावड्याने चिखल काढला, झीरो झालं, मग गाडी चढली. क्लीनरला खाली उतरवलं, चालक आत. वैधमापनशास्त्र विभागाच्या पडताळणीचं प्रमाणपत्र खिडकीला चिकटवलेलं होतं आणि त्याची मुदत चालू होती. त्याचा फोटो चालकाने काढला.

आकडा आला २९,६८० किलो. मर्यादेपेक्षा १,६८० किलो जास्त.

त्या ४० किलोंनी दंडात फरक पडला नाही. पण झीरो न पाहता वजन मान्य केलं असतं तर पावतीवरच्या प्रत्येक आकड्याबद्दल नंतर शंका घेता आली असती आणि ती शंका मिटवायला हातात काही नसतं. शिवाय निरीक्षकाचं वागणंही तिथून थोडं बदललं, असं चालक सांगतो. समोरचा माणूस भांडत नाही, पण नीट पाहतो आहे, हे दोघांनाही कळलं.

दंड आणि माल उतरवणं

कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,०००. अर्धा टन जास्त असो वा पाच, सुरुवात वीस हजारांनीच होते. चार हजारांच्या भाड्यासाठी ही जोखीम होती. ई-चलान गाडीच्या नंबरावर निघालं. रोख काही दिलं-घेतलं गेलं नाही. मालकाने नंतर ते ऑनलाइन भरलं.

अनेक चालकांचा इथे एक गैरसमज असतो: चलान फाटलं, म्हणजे गाडी पुढे न्यायची मुभा मिळाली. तशी मुभा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच परमजित भसीन प्रकरणात स्पष्ट केलं आहे की दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येत नाही, तो उतरवावाच लागतो. आता तर कलम १९४ मध्येच ते लिहिलेलं आहे. उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याचा आणि मालाची जोखीमही त्याचीच.

चालकाने माल उतरवण्याचा आदेश लेखी मागितला. कलम ११४ मध्ये तो लेखीच असायला हवा, त्यामुळे यात आगाऊपणा काही नव्हता. मागण्याची पद्धत महत्त्वाची. "साहेब, मालवाल्याला दाखवायला कागद लागेल, नाहीतर तो माझ्यावरच येईल." कारण खरं होतं, आणि आदेश मिळाला. या आदेशाचं पुढे फार काम पडलं.

आता किती उतरवायचं? कायद्याला १,६८० किलोच हवे होते. म्हणजे चार नग उतरवले की भागत होतं. बुकिंगवाल्याचा आग्रह तोच होता: चार नग खाली ठेवा, चार घेऊन जा. मालकाने माझा सल्ला घेतला. मी म्हटलं, आठही उतरवा. एका बिलाचा माल दोन गाड्यांत विभागला की ई-वे बिलाचाही घोळ होतो. एका ई-वे बिलात अनेक गाड्या दाखवण्याची सोय आहे, पण रात्री अकराला, दोन वेगळ्या जिल्ह्यांत बसलेल्या माणसांकडून ती नीट भरून घेणं म्हणजे नवी चूक आमंत्रण देऊन बोलावणं. सगळा माल एका दुसऱ्या गाडीत गेला की ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये फक्त गाडीचा नंबर बदलायचा. ते ट्रान्सपोर्टवाल्याने आपल्या लॉगिनवरून पाच मिनिटांत केलं. अंतर २०० किलोमीटरच्या वर असल्याने ई-वे बिलाला दोन दिवसांची मुदत होती, तिचीही चिंता नव्हती.

गाडी कोणती आणायची यावरही थोडक्यात बचावलो. काट्यावरच्या एकाने ओळखीचा पिकअपवाला बोलावतो म्हणून सांगितलं. साडेतीन टनांच्या वर लोखंड पिकअपमध्ये म्हणजे पहिल्याहून मोठा ओव्हरलोड, तेही त्याच पथकासमोर. मालकाने आयशर ट्रक शोधला. तो सकाळी सहाला आला. तोवर आठ रोटाव्हेटर हायड्रा क्रेनने उतरवून काट्याच्या आवारात ठेवले. चालकाने प्रत्येक नगाचा फोटो काढला, वहीच्या पानावर आठ अनुक्रमांक लिहिले आणि काटा ऑपरेटरची सही घेतली.

अनुक्रमांक लिहितानाच त्याला गिअरबॉक्सच्या कडेला रिव्हेट मारलेली पत्र्याची पाटी दिसली. तेलकट होती, अंगठ्याने पुसावी लागली. मॉडेल, साल आणि त्याखाली वजन: ४५५ किलो. आठही नगांवर तेच. आठ गुणिले ४५५ म्हणजे ३,६४०. माल उतरल्यावर गाडी पुन्हा काट्यावर चढली आणि २६,०४० भरली. २९,६८० मधून २६,०४० गेले की बरोबर ३,६४० उरतात. बुकिंगवाल्याने लहान मॉडेलचं वजन डोक्यात धरून सांगितलं होतं, हे नंतर कळलं. बिल नगांवर होतं, त्यामुळे बिलात आणि मालात तफावत नव्हती. ती असती तर हे प्रकरण जीएसटीच्या कलम १२९ मध्ये गेलं असतं आणि माल-गाडी दोन्ही अडकली असती.

सळई घेऊन गाडी रात्री एकला निघाली आणि सकाळी सोलापुरात वेळेत पोचली.

पैशांचा हिशेब कोणी सोसला

दंड मालकाने भरला. हायड्रा, हमाली, आयशरचं भाडं, काटा मिळून अकरा हजारांच्या आसपास खर्च वेगळा. जोडमालाचं चार हजारांचं भाडं अर्थातच बुडालं.

मालकाने मला विचारलं की यातला काही भाग काकांच्या पगारातून कापावा का. मी नको म्हटलं, आणि कारणही सांगितलं. कलम ११३ मध्ये लिहिलं आहे की चालक मालक नसेल तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने झाला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. इथे तर गृहीत धरायचीही गरज नव्हती. चालकाने काटा करू का म्हणून विचारलं होतं आणि मालकाने निघा म्हटलं होतं. मालकाने कापलं नाही. त्याचं मन मोठं म्हणून नाही, त्याला ते पटलं म्हणून.

खरा प्रश्न ट्रान्सपोर्टवाल्याचा आणि माल देणाऱ्याचा. कॅरिज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ मध्ये माल देणाऱ्याने गुड्स फॉरवर्डिंग नोट भरून द्यायची असते. त्यातल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी त्याची, आणि ती चुकीची निघून वाहतूकदाराचं नुकसान झालं तर ते भरून द्यायची जबाबदारीही त्याचीच. कायदा चांगला आहे. पण इथे अशी नोट भरलीच नव्हती. वजन तोंडी ठरलं, बिल्टीवर बुकिंगवाल्याने आपल्या हाताने १,९२० लिहिलं. माल देणारा म्हणाला, मी वजन सांगितलंच नाही, मी फक्त आठ नग दिले. त्याचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

मग उरला तो मेसेज. चालकाने मागून घेतलेला, बुकिंगवाल्याच्या नंबरावरून आलेला, "१९२० किलो" लिहिलेला. त्याच्या जोडीला दोन काटा पावत्या, लेखी आदेश आणि पाटीचे फोटो. हे सगळं एका पत्रासोबत लावून आम्ही ट्रान्सपोर्टकडे पाठवलं. दोन बैठका झाल्या. शेवटी त्यांनी १२,००० रुपये भाड्याच्या खात्यात वळते केले. पूर्ण नुकसान भरून निघालं नाही. पण तो मेसेज नसता तर छदामही मिळाला नसता, याची मला खात्री आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी काटा. गोदामापासून चार किलोमीटरवर, शे-दीडशे रुपयांत. मालकाला वेळ वाचवायचा होता हे मी समजू शकतो. सकाळच्या क्रेनचा खोळंबा म्हणजे तिथे वेगळे पैसे. पण मिलची पावती हातात असल्यामुळे त्याला खोटा धीर आला. पहिल्या मालाची पावती दुसऱ्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. शेवटचा नग चढल्यानंतरची पावती तेवढी खरी.

काटा खरोखरच शक्य नसेल, तर पाटी वाचता आली असती. यंत्रं, मोटारी, जनरेटर, कॉम्प्रेसर यांच्यावर बहुधा वजन छापलेलं असतं. चालकाने ती पाटी काट्यावर वाचली, तीच गोदामात वाचली असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. चालकाला यासाठी दोष देणं मला जमत नाही, कारण माल चढताना तो दोर आणि ओंडके बघत होता, आणि वजन तपासणं हे त्याचं एकट्याचं काम नव्हे. पण इथून पुढे हे त्याच्या कामात धरलं तर त्याचाच बचाव होईल.

मालकाने आता एक बदल केला आहे. जोडमालाचा फोन आला की तो पासिंगचा हिशेब करत नाही. तो पहिल्या मालाची पावती समोर ठेवतो, आरसीवरच्या एकूण वजनातून ती वजा करतो आणि वर अर्धा टन मोकळा सोडतो. त्या रात्री हा हिशेब केला असता तर १,९४० मधून ५०० जाऊन १,४४० उरले असते आणि १,९२० चा माल कागदावरच नाकारला गेला असता.

माझी स्वतःची तक्रार कायद्याच्या वापराबद्दल आहे. कलम १९४ मध्ये फक्त चालवणारा नाही, तर तशी गाडी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही येतो. वजन चुकीचं सांगून माल चढवणारा बुकिंगवाला त्यात बसू शकतो, असं मला वाटतं. प्रत्यक्षात मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकला की चलान निघतं आणि बाकी सगळे त्या यंत्राच्या बाहेर राहतात. रस्त्यावरच्या निरीक्षकाला गोदामात कोण काय म्हणालं हे कळणार नाही, हे खरं. पण बिल्टीवरचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत जवळपास दुपटीचा फरक असेल, तर बिल्टी काढणाऱ्याला एक नोटीस जायला काय हरकत आहे? ती बिल्टी त्या रात्री निरीक्षकाच्या हातातच होती.

लायसनचं प्रकरण

एक भाग अजून मिटलेला नाही, आणि चालकाला तोच सर्वांत जास्त टोचतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये मालगाडीत जादा माल नेणं हे लायसन निलंबित करण्याच्या कारणांपैकी एक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये अशा प्रकरणांत किमान तीन महिन्यांच्या निलंबनाचे निर्देश राज्यांना दिले. मालकाचे पैसे गेले, ते पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत येतील. तीन महिने लायसन गेलं तर चालकाच्या घरात तीन महिने पगार नाही.

परवाना प्राधिकाऱ्याकडून त्याला खुलासा मागणारी नोटीस आली. कलम १९ प्रमाणे निलंबनाआधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, तिचा आम्ही पुरेपूर उपयोग केला. दोन पानांचा खुलासा मराठीत लिहिला. सोबत मिलची पावती, बुकिंगचा मेसेज, काट्याच्या दोन्ही पावत्या, लेखी आदेश आणि पाट्यांचे फोटो. वजनाला विरोध केला नाही, माल वजनाआधी उतरवला नाही, मागितला तो प्रत्येक कागद दाखवला आणि आदेशाप्रमाणे सगळा जोडमाल उतरवला, हे क्रमाने मांडलं. मालकाने वेगळ्या पत्रात लिहून दिलं की चालकाने काटा करण्याबद्दल विचारलं होतं आणि न करण्याचा निर्णय माझा होता. असं पत्र द्यायला फार मालक तयार होत नाहीत. चालकासाठी यापेक्षा मोठा पुरावा दुसरा नाही.

खुलासा दाखल झाला आहे, पोच मिळाली आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. चालक सध्या त्याच गाडीवर आहे.